समुद्रफुलाला घातलेलं गाऱ्हाणं

आता जे सांगतो ते कोणाला पटणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. ज्याला डोकं नाही, काळीज नाही, कान तर नाहीतच, अशा एका जिवाने आमच्या पडवीत गाऱ्हाणं ऐकलं, आणि ऐकून आपल्या पोटातला मजकूर बदलून टाकला. याचा पुरावा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत बर्फाहून थंड डब्यात आहे. तो मी नाही ठेवलेला, शिकलेल्या माणसांनी ठेवलाय.

मे महिन्यातल्या एका दुपारी, आचऱ्याला आमच्या खळ्यात मांडवाखाली बसून मी हे सुरू केलं. जसं सांगितलं तसंच इथे लिहितो. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम चाललं होतं. साली एका टोपलीत, बिया दुसरीत, आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. माझी बायको सुभद्रा होती, शेजारची किशोरी होती, आणि अक्षया होती. अक्षया माझ्या पुतण्याची मुलगी. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती आमच्याच मांडीवर वाढली आणि मला आजोबा म्हणते.

किशोरीने रतांबा फोडता फोडता मान वर केली. "आबा, गेल्या वर्सा तुमच्या गजालीतली मगर इन्सुलीच्या नाक्यार पकडलेली, पोटात गोव्याची बाटली घेवन येताना. तेच्या मानान ह्यां फूल गरीब आसा."

मी म्हटलं, मगरीचं राहू दे, मगरीने पोलिसांपुढे स्वतः जबाब दिला होता. हे तसलं नाही.

सुभद्रा हसली, किशोरी हसली. अक्षया हसली नाही. हल्ली ती हसतच नाही, आणि गोष्ट मी काढली ती त्यासाठीच. सोमवारी ती पुण्याला जाऊन आपल्या मॅडमना सांगणार होती की माझ्याच्याने हे संशोधन होत नाही. मुंबईत एका औषधाच्या कंपनीत दुकानोदुकानी फिरायची नोकरी तिने बघून ठेवली होती. तिच्या काचेच्या टाक्या पडवीत उपड्या पडल्या होत्या. का सोडतेस असं सुभद्राने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की माझा हात भरवशाचा नाही. ज्या पोरीने लहानपणी आमच्या देवघरातलं तेल कधी वातीबाहेर सांडलं नाही, ती असं म्हणाली.

तर ऐका.

दिवाळीनंतर अक्षया दोन टाक्या घेऊन आली. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी खडक उघडे पडतात, त्यांच्या फटीत ती समुद्रफुलं असतात. बघितलं तर फूल, बोट लावलं तर मिटून गोळा. झाड नाही बरं का, प्राणी आहे. जेवतो, पिल्लं काढतो, राग आला तर डंखही मारतो. फक्त डोकं ठेवायला विसरलाय. तसली फुलं तिने दगडासकट अलगद उचलून आणली आणि दोन्ही टाक्यांत ठेवली. एकीत समुद्राचं साधं पाणी, दुसरीत तापवायची कांडी. रोज सकाळी मीठ मोजायची, पाणी किती तापलंय ते मोजायची, आणि टाकीजवळ कोणी शिंकलं तरी कपाळाला आठ्या घालायची.

मी एकदा विचारलं, बाये, ह्या मुक्याकडून तुला काय काढून घ्यायचंय? तेव्हा तिने मला जे समजावलं ते मी आजपर्यंत विसरलो नाही, कारण तिने माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलं.

गावात गाऱ्हाणं मी घालतो हे तुम्हाला माहीतच आहे. लग्न असो, होडी पाण्यात ढकलायची असो, नवी विहीर असो, नारळ पुढे ठेवून देवाला हाक मारायची, मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे मंडळींनी व्हय म्हाराजा म्हणायचं. अक्षया म्हणाली, आजोबा, तुमच्या डोक्यात अख्खं गाऱ्हाणं एकच आहे ना? बारा गावच्या देवांची नावं, शेताचा तुकडा, समुद्राचा तुकडा, लेकराबाळांचा तुकडा, सगळं सलग. पण लग्नात तुम्ही वादळवाऱ्याचा तुकडा गाळता. होडीला मुंडावळ्यांचा गाळता. गाळता, आणि मागचंपुढचं असं जोडता की ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही. प्रत्येक पेशीत तसंच चालतं. जनुक म्हणजे अख्खं गाऱ्हाणं, ते बदलत नाही. त्याची एक नक्कल निघते, ती नक्कल कापली जाते, काही तुकडे ठेवतात, काही टाकतात, उरलेले जोडतात, आणि त्या जोडलेल्या मजकुरावरून प्रथिन बनतं. तुकडा ठेवला तर एक प्रथिन, गाळला तर दुसरं. ह्या काटछाटीला ती लोकं स्प्लायसिंग म्हणतात.

मी विचारलं, मग कोणता तुकडा गाळायचा हे सांगतं कोण? तर ती म्हणाली, तेच तर शोधायचंय. काही लहान प्रथिनं असतात, ती तुकड्याच्या कडेला येऊन बसतात. एक जात कातरीला म्हणते हा घे, दुसरी जात म्हणते हा सोड. तुम्ही लग्नात चुकून होडीकडे वळायला लागलात की बाजूचे मानकरी कसे तुमचं कोपर दाबतात, तसं. माणसात, उंदरात हे पुष्कळ तपासलंय. पण ज्याला मेंदूच नाही अशा साध्या प्राण्यात कोपर कोण दाबतं, कधी दाबतं, पाणी तापल्यावर दाबतं की कसं, हे मला बघायचंय.

खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. माझ्या गाऱ्हाण्याला इतक्या बारकाईने देवानेसुद्धा ऐकलं नसेल.

आता इथे दत्ताराम येतो. दत्ताराम म्हणजे पलीकडच्या आवाटातला, वाडीतला, माझा बालमित्र, हल्ली मुलाकडे मुंबईला असतो. माणूस लाखमोलाचा, पण हात गप्प राहत नाहीत.

झालं असं की साध्या पाण्याच्या टाकीतली फुलं मिटली. एक मिटलं, मग सगळीच. दोनचार दिवस उघडेचनात. अक्षयाने पाणी बदललं, अन्न घातलं, काही नाही. ती रडकुंडीला आली. ह्या टाकीची फुलं बरी असल्याशिवाय गरम टाकीची तुलना कोणाशी करायची? मग ती मालवणला गेली, तिथे कोणी मत्स्यशास्त्रातले ओळखीचे होते त्यांना विचारायला. सुभद्रा गेली होती काजूच्या बागेत. आणि दत्ताराम आला पडवीत.

त्याने टाकीत डोकावून बघितलं. त्याला पटकन सुचलं की ह्यात औषधाचं काही नाही, ही फुलं रुसलीत. आपल्याकडे फणस उतरवायचा तरी आधी दोन शब्द बोलतो. आणि ह्या पोरीने समुद्रातले जिवंत जीव उचलून घरात आणले, न रजा, न नारळ. चूक तिची नाही, पुण्यात कोण शिकवणार? घरातल्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं होतं.

किशोरी मध्येच म्हणाली, "दत्तारामान गाऱ्हाणां घातल्यान? तो तर आरतेकसुद्धा ओठ हलवन गप ऱ्हवता."

मी म्हटलं, जन्मभर माझ्या बाजूला उभा राहिलाय, तेवढं येतं त्याला. तू रतांबे फोड.

तर त्याने नारळ घेतला, टाकीपुढे ठेवला, हात जोडले. बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा राठी, आज ही जी काय नेणती लेकरा तुझ्या दर्यातसून उचलून ह्या दारात आणलेली आसत, तेंच्या मनात काय वाकडा आसात ता नीट कर, काय उणा झाला आसात ता पुरा कर, आणि ज्या पोरीन जीव लावन ही आणलेली आसत, तिच्या हाताक यश दी. मागून म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून व्हय म्हाराजा पण स्वतःच म्हटलं. मग नारळ फोडला. आणि फोडल्यावर ते पाणी, जे आपण तांब्यात धरतो, ते त्याने सगळंच्या सगळं टाकीत ओतलं. रुसलेल्या जिवाच्या तोंडात आधी पाणी घालायचं, ही आपली रीत. एका नारळाने भागेल असं वाटेना, म्हणून दुसराही फोडला.

आणि आता हे पटणार नाही ते. दिवस मावळायच्या आत फुलं उघडली. एक नाही, सगळी. कधी नव्हे इतकी पसरली, जणू आत कोणी दिवा लावलाय. अक्षया परत आली, तिने बघितलं, आणि पायातली चप्पल न काढता पडवीत बसून राहिली. तिला वाटलं पाणी बदलल्याचा गुण उशिरा आला. दुसऱ्या सकाळी तिने दोन्ही टाक्यांतल्या फुलांचे कण घेतले, धूर येणाऱ्या त्या थंड नळकांड्यात भरले आणि पुण्याला नेले.

दत्तारामाने त्याच दिवशी का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. सांगणार होता. पण त्याचा बेत वेगळा होता. पोरीचं यश येऊ दे, पेढे वाटू दे, मग भर मंडळीत उभं राहून सांगायचं की बाबांनो, यंत्रबिंत्र ठीक आहे, पण गाऱ्हाणं कोणी घातलं होतं? बढाई मारायला मुहूर्त बघत बसला तो. एवढीच त्याची चूक म्हणा. नाही, एवढीच नाही.

पुण्यात कण तपासले, तर नवल निघालं. जो तुकडा साध्या पाण्यात ठेवला जायला हवा, तो साध्या टाकीतल्या फुलांनी सपशेल गाळलेला. गरम टाकीपेक्षाही जास्त. म्हणजे पाण्याची गरमी नाही, आणखीच काहीतरी कोपर दाबतंय. अक्षयाच्या मॅडम खूश. मोठी सभा भरली, बाहेरून माणसं आली, आणि आमच्या पोरीने उभं राहून सांगितलं की साध्या प्राण्यातही ही काटछाट किती नाजूक असते बघा. आम्हाला फोनवर फोटो आला. दत्तारामाने तो फोटो बघितला आणि त्याला सांगवेना. सांगितलं असतं तर तिचं नवल नारळाच्या पाण्यात वाहून गेलं असतं. तो म्हणाला, असू दे, देवाची करणी आहे, आपण मध्ये कशाला.

मग त्यांनी पुण्यात तोच प्रयोग परत केला. तसलीच फुलं, तसंच पाणी, तसंच मीठ. आणि तुकडा जिथल्या तिथे. गाळलाच नाही. परत केला, तेच. मग ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते विचारायला लागले की त्या आचऱ्याच्या पडवीत नक्की केलं काय होतंस? मीठ चुकलं असेल. टाक्यांची अदलाबदल झाली असेल. आणि एकाने, हे आम्हाला नंतर कळलं, हसत हसत म्हटलं की खेड्यात असं होणारच.

मार्चमध्ये अक्षया पुन्हा फुलं गोळा करायला घरी आली होती. तेव्हा मॅडमचा फोन आला. पडवीतच घेतला तिने, आवाज मोठा ठेवून, कारण हात ओले होते. आत माजघरात जेवण वाढलेलं, सुरमईचं तिखलं. दत्ताराम ताटावर बसलेला. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, अक्षया, त्या टाकीत तुझ्याकडून काही राहून गेलं होतं का? आणि ही म्हणाली, हो मॅडम, माझ्याच हातून झालं असणार, दुसरं कोणी टाकीला हात लावत नाही. घरच्यांना मी सांगून ठेवलंय आणि ते पाळतात.

ते पाळतात, असं म्हणाली.

दत्तारामाच्या हातात घास होता. तो तोंडात गेला आणि तिथेच राहिला. गिळवेना, थुंकवेना. उठून दारात जायला किती वेळ लागतो? चार पावलं. फोनवर मॅडम होत्याच. म्हणायचं होतं, बाई, पोरीचा दोष नाही, ह्या म्हाताऱ्याने दोन नारळांचं पाणी ओतलंय. पण त्याच्या मनात आलं की आता हे बोललो तर त्या पुण्याच्या सभेत सगळे हसतील, आणि ह्या पोरीकडे बघून हसतील की हिच्या घरी प्रयोगाला नारळ फोडतात. हे त्याने मनाला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण, पोरगी दारातून आत बघेल आणि तिचा चेहरा बदलेल, तो त्याला बघायचा नव्हता. म्हणून तो बसून राहिला. मग त्याने ताटातच हात धुतला, तिखलं तसंच, भात तसाच, आणि मागच्या दाराने जाऊन माडाच्या आळ्यात उगाच पाणी शिंपत राहिला. आळं भरून वाहिलं तरी शिंपत राहिला. अक्षया मागे आली, तिचे डोळे लाल होते, आणि तिनेच विचारलं, बरं वाटत नाही का? त्यावर तो म्हणाला, ऊन लागलं. असं म्हणायला त्याची जीभ वळली. साठ वर्षं देवापुढे, दुसऱ्यांसाठी मागणं मागताना अडखळली नाही ती जीभ.

तेव्हापासून त्याने कुठे गाऱ्हाणं घातलेलं नाही. एप्रिलात एका लग्नाहून येताना मसुऱ्याला कोणीतरी आग्रह केला, तर घसा बसलाय म्हणाला.

इथे मी जरा थांबलो. किशोरीचे हातही थांबले होते, आणि ती टोमणा मारत नव्हती, हे मला फार बोचलं. टोमणा असता तर मी पुढे रेटलं असतं.

अक्षयाने रतांबा खाली ठेवला. लाल हात तसेच मांडीवर. ती रागावेल असं मला वाटलं होतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, ती मनात काहीतरी मांडत होती.

"दोन नारळ?" ती म्हणाली. "शहाळी होती की पिकलेले नारळ?"

पिकलेले, मी म्हटलं, म्हणजे दत्ताराम म्हणाला.

"टाकीत पाणी किती होतं? मी जाताना अर्धं काढून ठेवलं होतं. त्यात परत भरलं होतं की अर्धंच होतं?"

अर्धंच असणार, मी म्हटलं, त्याच्या बोलण्यावरून.

ती उठून उभी राहिली. "म्हणजे माझं मीठ बरोबर होतं. आजोबा, नारळाच्या पाण्यात पोटॅशियम किती असतं तुम्हाला माहीत नाही. साखर असते. अर्ध्या टाकीत दोन नारळ, म्हणजे फुलांना पाणीच निराळं झालं. तुकडा खरंच गाळला होता त्यांनी. ते खोटं नव्हतं, माझा हात खोटा नव्हता, फक्त कोपर कोणी दाबलं ते आम्हाला कळलं नव्हतं." तिने बोटांवर हिशोब केला. "हे परत करून बघता येईल. पण मला मॅडमना नीट सांगायला हवं. कधी ओतलं, ऊन कुठे होतं, फुलं किती वेळाने उघडली, सगळं, ज्याने केलं त्याच्या तोंडून. दत्तारामआजोबांचा नंबर द्या."

मी म्हटलं, त्याचा फोन बिघडलाय.

"त्यांच्या मुलाचा आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, मुलाला कशाला त्रास, तो कामावर असेल. दत्तारामाला हल्ली नीट ऐकूही येत नाही. आणि बिचारा लाजेने मेलेला, त्याला आता विचारून काय उपयोग, मी आहे ना, त्याने मला सगळं बारीकसारीक सांगितलंय, तू मला विचार, मी त्याच्या वतीने सांगतो.

ती पडवीत गेली, पदराला हात पुसावेत तसे ओढणीला लाल हात पुसले आणि फोन घेऊन बाहेर आली. नंबर शोधायला लागली. मी म्हटलं, थांब गो, आधी पूर्ण ऐक तरी, दत्तारामाचं पुढे काय झालं ते अजून राहिलंय, ते तर कोणालाच पटणार नाही.

टोपलीतल्या बिया सुभद्रा इतका वेळ हाताने सारखी सारखी पसरत होती. आता तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, अक्षयाकडे बघून बोलली.

"फोन ठेव गो बाय. दत्ताराम त्या दिसा हय नव्हतोच. तां ताट मी उचललंय, तेच्यात हात धुवन उठले ते हे."